वाकलेल्या पिना : संगणकाच्या प्रोसेसरची दुरुस्ती आणि तिची मर्यादा

आपल्या शाळेच्या संगणक कक्षाच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत काही वर्षांपूर्वी मी स्वतःच्या हाताने एक नोंद केली होती : 'प्रोसेसर, नग १, निकामी.' ती नोंद चुकीची होती. ती चुकीची का होती हे समजून घेण्यासाठी मला जो अभ्यास करावा लागला, त्याचा सारांश स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहे. माझा विषय इतिहास. संगणक शिक्षकाचे पद त्या वर्षी रिक्त होते म्हणून कक्षाची किल्ली माझ्याकडे आली, इतकाच माझा या क्षेत्रातील अधिकार.

दिवाळीच्या सुटीपूर्वी कक्षातील जुन्या यंत्रांची धूळ झाडण्याचे काम काढले होते. नववीतील एका विद्यार्थ्याने एका यंत्रातील पंखा व त्याखालचा धातूचा ठोकळा, म्हणजे हीटसिंक, काढण्यासाठी सरळ वर ओढला. सॉकेटचा खटका लावलेला असूनही प्रोसेसर त्या ठोकळ्याला चिकटून उपटला गेला आणि क्षणभराने सुटून फरशीवर पडला. एका कोपऱ्यातील पिना आडव्या झाल्या. सर्व वर्गासमोर मी त्याला जे बोलले ते येथे लिहिण्यासारखे नाही. 'हजारोंचे नुकसान केलेस' हे त्यातील सर्वांत सौम्य वाक्य. त्यानंतर तो मुलगा संगणक कक्षाकडे फिरकला नाही. पुढच्या पालकभेटीच्या रविवारी त्याची आई आली. मुलाची चौकशी करण्याआधी तिने मला विचारले, "मॅडम, पोरानं मोडलंय, त्याचे किती भरायचे?"

मला उत्तर देता येईना. काय मोडले, किती मोडले, ते दुरुस्त होण्याजोगे आहे की नाही, यांपैकी काहीच मला ठाऊक नव्हते. ठाऊक नसताना मी नोंद केली होती आणि दोषही ठरवून टाकला होता. पुरावा तपासल्यावाचून निष्कर्ष काढू नये, हे दरवर्षी दहावीच्या वर्गाला सांगणाऱ्या शिक्षिकेची ही अवस्था. "पुढच्या रविवारी सांगते," असे म्हणून मी वेळ मारून नेली.

प्रथम प्रोसेसर म्हणजे नेमके काय, ते पाहू. संगणकातील सर्व गणन करणारा हा भाग हातात घेतला असता चार सेंटिमीटर लांब-रुंद चौकोनी वडीसारखा दिसतो. परंतु ती सर्व वडी म्हणजे प्रोसेसर नव्हे. खरा प्रोसेसर म्हणजे नखाएवढा सिलिकॉनचा पातळ तुकडा. तो एका हिरव्या पाटीवर बसवलेला असतो, वर धातूचे झाकण असते आणि पाटीच्या खालच्या बाजूस सोन्याचा मुलामा दिलेल्या बारीक पिनांच्या रांगा असतात. झाकण उष्णता बाहेर नेते. पिना वीज आत आणतात आणि संदेशांची ने-आण करतात. म्हणजे सिलिकॉन, पाटी, झाकण आणि पिना अशी ही चार वस्तूंची जुळणी आहे. 'प्रोसेसर मोडला' असे म्हणताना यांपैकी काय मोडले, हा पहिला प्रश्न असला पाहिजे. बहुतेक वेळा पडून, दाबून वा ओढून जे बिघडते ते सिलिकॉन नसते, भोवतीची जुळणी असते. ही एक गोष्ट मला त्या दिवशी माहीत असती, तर पुढचे सारे टळले असते.

येथे थोडा इतिहास. १९४६ साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे एनिअ‍ॅक हा संगणक जगापुढे आला. त्यात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या. दर एक-दोन दिवसांनी एखादी नळी जात असे. तंत्रज्ञ ती शोधून काढीत आणि दुसरी बसवीत. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने उभारलेल्या आणि १९६० साली कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक या संगणकातही सुमारे २,७०० नळ्या होत्या. या पिढीच्या यंत्राचे 'डोके' उघडता येत होते आणि त्यातला प्रत्येक भाग सुटा बदलता येत होता. १९७१ साली इंटेलने ४००४ हा सूक्ष्मप्रोसेसर बाजारात आणला. त्यात सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर कोरलेले होते आणि बाहेर अवघ्या १६ पिना होत्या. त्या क्षणापासून दुरुस्तीच्या इतिहासाला एक फाटा फुटला. ट्रान्झिस्टर बिघडला तर तो बदलण्याचा मार्ग कायमचा बंद झाला. २०१७ च्या पहिल्या रायझन प्रोसेसरच्या तुकड्यावर सुमारे ४८० कोटी ट्रान्झिस्टर आहेत. त्यांपैकी एखादा दुरुस्त करण्याचा विचारही कोणी करीत नाही. मात्र १६ पिनांच्या जागी १,३३१ पिना आल्या, आणि बाहेरच्या बाजूस कारागिराच्या हाताला काम उरले. आत नळी बदलणारा तंत्रज्ञ गेला. बाहेर पिन सरळ करणारा आला.

आता मूळ अपघाताकडे वळू. हीटसिंक आणि प्रोसेसरचे झाकण यांमध्ये उष्णता वाहून नेणारा एक लेप असतो, ज्याला दुकानात थर्मल पेस्ट म्हणतात. काही वर्षांत तो वाळून चिकटतो. पिनांच्या प्रोसेसरला सॉकेट केवळ पिनांच्या बाजूंनी धरून ठेवते, वरून दाबणारी पट्टी नसते. म्हणून ठोकळा ताकदीने ओढला की खटका लागलेला असूनही प्रोसेसर निघून येतो. यावरचा उपाय सोपा आहे. यंत्र आधी पाच-दहा मिनिटे चालू ठेवून लेप कोमट होऊ द्यावा, मग यंत्र बंद करून, वीज काढून, ठोकळा वर न ओढता डावी-उजवीकडे हलकेच पिळीत सोडवावा. हे त्या मुलाला कोणी सांगितले नव्हते. सांगण्याचे काम माझे होते, आणि मलाच ते माहीत नव्हते.

तालुक्याच्या गावी आपल्याच शाळेचा एक माजी विद्यार्थी संगणक दुरुस्तीचे छोटेसे दुकान चालवतो. आयटीआयमध्ये त्याने इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा ट्रेड केला आहे. त्याला निरोप पाठवला तसा तो दुसऱ्याच शनिवारी आला. प्रोसेसर त्याने कडांना धरून उचलला, खिडकीपाशी नेला, डोळ्यांच्या रेषेत आडवा धरला आणि म्हणाला, "मॅडम, हा मेलेला नाही, नुसता लंगडतोय." नंतर त्याने विचारले, "पाडला कोणी? त्यालाच बोलवा ना." मुलाला बोलावणे धाडावे लागले. तो आला तो दाराशीच उभा राहिला. "ये रे, बस इथं. तुझा पेशंट आहे," असे म्हणत त्याने भिंग मुलाच्या हाती दिले आणि वाकलेल्या पिना मोजायला सांगितले. मुलाने दोनदा मोजल्या. ९४० पैकी १७ वाकल्या होत्या, त्यांतील दोन पाटीला पूर्ण टेकल्या होत्या. 'हजारोंचे नुकसान' एवढे होते.

सरळ करण्याची रीत सविस्तर देते, कारण अनेक घरांत असा प्रसंग येऊ शकतो. प्रथम अंगावरील स्थितिक विजेची काळजी. कोरड्या हिवाळ्यात स्वेटर काढताना चटका बसतो, तीच वीज आतील सिलिकॉनला मारक ठरते. म्हणून सुती कपडे घालावेत, भूसंपर्क असलेल्या धातूला हात लावून मगच कामाला बसावे आणि पिनांना बोटे लावू नयेत. उजेड वरून नव्हे, बाजूने पाडावा. मग सरळ रांगांच्या सावल्या एकसारख्या पडतात आणि वाकलेली पिन आपोआप उघडी पडते. आडवी झालेली पिन शिवणकामाच्या सुईने किंवा पातळ पात्याने मुळापासून किंचित उचलावी. पुरेशी उठली की शिसे काढून टाकलेल्या पेन-पेन्सिलीचे धातूचे टोक तिच्यावर टोपीसारखे बसवावे आणि अगदी सावकाश उभे करावे. मुलांच्या दप्तरातील ०.५ किंवा ०.७ मिलिमीटरची पेन-पेन्सिल येथे कामी येते. हे पाहून त्या मुलाच्या चेहऱ्यावर त्या दिवशीचे पहिले हसू उमटले. शेवटी जाडसर प्लॅस्टिकचे कार्ड रांगांमधून एकदा उभे आणि एकदा आडवे फिरवून ओळी जुळल्या आहेत का ते पाहावे. दोन पिनांमधील अंतर या जातीत १.२७ मिलिमीटर असते, तेव्हा कार्डाची जाडी बघूनच घ्यावे.

येथे घाई करणाऱ्याचा घात होतो. तार पुढे-मागे वाकवून तोडण्याचा प्रयोग आपण सर्वांनी केलेला आहे. प्रत्येक वाकणीनिशी धातू कडक होत जातो आणि शेवटी तुटतो. म्हणून पिन एकदाच, एकाच दिशेने आणि गरजेपुरतीच वाकवायची. थोडी तिरकी राहिली तर राहू द्यावी. सॉकेटच्या छिद्रात ती शिरली म्हणजे पुरे. 'अजून जरा सरळ' या हट्टापायी जितक्या पिना तुटतात तितक्या पडून तुटत नसाव्यात, असे त्या माजी विद्यार्थ्याचे मत. प्रोसेसर परत बसवताना खटका पूर्ण वर करावा, कोपऱ्यावरील सोनेरी त्रिकोण सॉकेटवरील खुणेशी जुळवावा आणि प्रोसेसर केवळ स्वतःच्या वजनाने खाली उतरू द्यावा. दाबण्याची गरज भासली तर समजावे की एखादी पिन अजून वाकडी आहे.

सोळा पिना उभ्या राहिल्या. पाटीला टेकलेल्या दोहोंपैकी एक मात्र उचलताना मुळाशी तुटली. मुलगा जागीच थिजला. मीही थिजले, पण या वेळी गप्प राहिले.

तुटलेली पिन म्हणजे प्रोसेसरचा शेवट असतोच असे नाही. प्रत्येक जातीच्या प्रोसेसरच्या पिनांचा नकाशा उपलब्ध असतो. ओळींना इंग्रजी अक्षरे आणि स्तंभांना अंक दिलेले असतात, अक्षांश-रेखांशांसारखे. शेकडो पिनांपैकी पुष्कळशा केवळ वीजपुरवठ्याच्या आणि भूसंपर्काच्या असतात. एकच काम अनेक पिना वाटून घेतात, म्हणून त्यांतील एखादी गेल्याने बहुधा फरक पडत नाही. काही पिना राखीव असतात, त्यांना काहीच काम नसते. पण स्मृतीकडे जाणाऱ्या रेषेची पिन गेली, तर स्मृतीपट्टीचा एक खाचा बंद पडतो किंवा यंत्र सुरूच होत नाही. तेव्हा रडण्यापूर्वी नकाशा पाहावा. आम्ही पाहिला. तुटलेली पिन भूसंपर्काची निघाली.

ती महत्त्वाची असती, तर आणखी दोन मार्ग होते. एक, दुसऱ्या मृत प्रोसेसरवरील पिन काढून ती फ्लक्स लावून, भिंगाखाली सोल्डर करणे. जुने कारागीर ज्याला डाख देणे म्हणत तेच हे काम, मात्र सुईच्या अग्रावर. उष्णता जास्त झाली तर शेजारच्या पिना सैल होतात, म्हणून हे सरावलेल्या हातानेच करावे. दुसरा मार्ग म्हणजे तेवढ्याच जाडीच्या तारेचा तुकडा सॉकेटच्या त्या छिद्रात उभा करून तो पाटीवरील उरलेल्या ठिपक्याला टेकवणे. हा उपाय दिसायला जुगाड वाटतो, पण चालतो. प्रोसेसर पुन्हा काढला की मात्र तो विस्कटतो. पाटीवर चिकटवलेले बारीक कपॅसिटर घासून उडाले असतील तर त्याच मूल्याचे दुसरे तेथे सोल्डर करता येतात. वीज स्थिर ठेवणे हे त्यांचे काम असल्याने एखादा नसतानाही काही यंत्रे चालतात, पण भरवशाने नव्हे.

पिना प्रोसेसरवर असल्याने होणारे हे नुकसान उत्पादकांच्या लक्षात आले नव्हते असे नाही. इंटेलने २००४ पासून घरगुती संगणकांच्या प्रोसेसरवरील पिना काढून त्या मदरबोर्डवरील सॉकेटमध्ये नेल्या, आणि प्रोसेसरखाली नुसते सपाट सोनेरी ठिपके ठेवले. एएमडीने घरगुती संगणकांत हा बदल मुख्यतः २०२२ मध्ये केला. यामुळे प्रोसेसर बळकट झाला हे खरे, पण दुखणे नाहीसे झाले नाही, शेजारी राहायला गेले. आता सॉकेटमधील केसासारख्या स्प्रिंगा वाकतात, आणि त्या वाकड्या आकाराच्याच असल्याने सरळ करणे अधिक कठीण जाते. सपाट ठिपक्यांवर बोटांचा तेलकटपणा वा लेप लागला असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ कापडाने पुसणे एवढीच दुरुस्ती बहुधा पुरते.

सिलिकॉन मात्र वेगळे. २००० सालच्या सुमाराचे अ‍ॅथलॉन आणि पेंटियम ३ यांचे सिलिकॉन झाकणाविना उघडेच असे. हीटसिंकची ताठ क्लिप बसवताना स्क्रूड्रायव्हर निसटला किंवा ठोकळा तिरका टेकला की काचेसारखा कोपरा उडे. उडालेला कपचा कडेच्या मोकळ्या पट्टीतला असेल तर प्रोसेसर चालत राही. मंडलापर्यंत तडा गेला असेल तर संपले. त्याला गोंद नाही, डाख नाही. झाकण देण्याची पद्धत पुढे रूढ झाली तिचे एक कारण हेच.

सिलिकॉनच्या आत हात घालणारे एक यंत्र आहे. निर्वात पेटीत गॅलियमच्या आयनांचा अतिसूक्ष्म झोत सोडून नको ती रेषा कापता येते आणि धातूची नवी रेषा मांडता येते. पण ते प्रयोगशाळेचे काम. नव्या आराखड्यातील चूक लाखो नग बनवण्यापूर्वी पडताळून पाहण्यासाठी ते वापरतात. बाजारातील प्रोसेसर वाचवण्यासाठी नव्हे. कारखान्यातील दुसरी युक्ती मला अधिक आवडली. आतील एक भाग सदोष निघाला तर तेवढा बंद करून उरलेला प्रोसेसर विकतात. २००८ मधील तीन गाभ्यांचा फेनॉम हा मुळात चार गाभ्यांचा तुकडा होता. २००६ च्या प्लेस्टेशन ३ मधील प्रोसेसरवर आठ साहाय्यक गाभे कोरलेले असत आणि सातच वापरात ठेवलेले असत, म्हणजे एखादा बिघडलेला निघाला तरी तुकडा वाया जाऊ नये. उणिवेसकट कामाला लावलेले असे प्रोसेसर जगभर घराघरांत चालले आणि कोणाला त्याचा पत्ताही लागला नाही.

आमचा ९३९ पिनांचा प्रोसेसर बसवला. नवा लेप मसुराएवढा लावला, पंखा जोडला आणि कळ दाबण्याचे काम मुलाकडे दिले. पडदा उजळला. स्मृती पूर्ण दिसत होती. त्यानंतर माजी विद्यार्थ्याने सांगितले की जुन्या बाजारात असा चालू प्रोसेसर काही शे रुपयांत मिळतो. म्हणजे मी सांगितलेले हजार कोठून आले, हे मलाच विचारायला हवे होते. दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्या मुलाच्या आईला मी सांगितले, "ताई, काही भरायचं नाही. तुमच्या मुलानं ते दुरुस्त केलं." तिने पुन्हा विचारले, "खरंच काही नाही?" पैसे तिने सोबत आणले होते. नंतर वर्गासमोर मी मुलाची माफी मागितली, कारण बोलणेही वर्गासमोरच झाले होते. नोंदवहीतील 'निकामी' खोडून तेथे 'दुरुस्त. पिन एक कमी' असे लिहिले आणि स्वाक्षरी केली.

काही पालक विचारतात, 'त्यात सोने असते ना?' असते, पण मुलाम्याइतके पातळ. जुन्या सिरॅमिक प्रोसेसरमध्ये थोडे जास्त. ते काढण्यासाठी तीव्र आम्ले लागतात, ज्यांची वाफ फुफ्फुसे जाळते. दिल्लीतील सीलमपूर आणि उत्तर प्रदेशातील मुरादाबाद येथे टाकाऊ यंत्रांचे भाग फोडणे, जाळणे, आम्लात बुडवणे ही कामे वर्षानुवर्षे उघड्या हातांनी होत आली आहेत, आणि त्या हातांत मुलांचेही हात होते. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम देशात लागू झाले असून असा कचरा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच जाणे अपेक्षित आहे. आपल्या घरचा खरोखर मेलेला प्रोसेसर भंगारवाल्याच्या पोत्यात टाकण्यापूर्वी हे लक्षात असावे. घरी आम्लाचा प्रयोग कोणीही, कृपया कोणीही करू नये.

यंदाही काही माजी विद्यार्थी शाळेला जुने संगणक देणार आहेत, त्यांना एक विनंती. वाहतुकीपूर्वी जड हीटसिंक सुटा करणार असाल तर यंत्र आधी कोमट करा. प्रोसेसर काढलाच तर पिना फोममध्ये रोवून, डबीत घालून पाठवा; सपाट ठिपक्यांचा असेल तर सॉकेटवर मूळ प्लॅस्टिकचे झाकण बसवून पाठवा. 'बिघडलेला' म्हणून बाजूला ठेवलेला नगही फेकू नका, चिठ्ठी लावून द्या. संगणक कक्षात भिंग, बाजूचा दिवा आणि शिसे नसलेली पेन-पेन्सिल यांचा एक डबा आता कायम ठेवलेला आहे.